अहवालातील ‘अयोग्य जमीन’ : नागरी विमान वाहतूक महासंचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय;
मा. प्रमुख, विमान अपघात तपास ब्यूरो;
आणि महाराष्ट्रातील सर्व उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे मुख्य प्रशिक्षक

विषय : इंजिन बंद पडल्यावर शेतात उतरणारी शिकाऊ विमाने आणि जमीन ओळखण्याचे शिक्षण

महोदय,

आयुष्याची बरीच वर्षे मी लहान विमानांवर उड्डाण शिकवण्यात घालवली. आता निवृत्त आहे. या काळात जे शिकवले त्यापेक्षा जे शिकवायचे राहून गेले ते अधिक टोचते, आणि त्यातली एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी नवे यंत्र नको, मोठा निधी नको, बाहेरून तज्ज्ञ आणायलाही नकोत. एक इंजिनाचे विमान हवेत बंद पडले, तर वैमानिकाला खालच्या शेतांतून एक शेत निवडावे लागते. ते कसे निवडायचे हे आपण त्याला जवळजवळ काहीच शिकवत नाही. पुढे अपघाताच्या चौकशीत त्याने निवडलेल्या शेताला ‘अयोग्य जमीन’ असे दोन शब्द चिकटवून आपण फाइल बंद करतो. हे दोन शब्द माझ्याही वाट्याला आले आहेत, म्हणून आधी तेच सांगतो.

सप्टेंबरचा महिना होता. सेसना १५२ हे दोन आसनी विमान, शेजारी एक विद्यार्थी, जमिनीपासून साधारण अठराशे फूट उंची. इंजिनाचा आवाज आधी खरखरला, मग कमी झाला, आणि कार्ब्युरेटरला गरम हवा देऊनही परत आला नाही. दमट हवेत, वीस-पंचवीस अंश तापमानातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो हे प्रत्येक वैमानिक परीक्षेपुरते पाठ करतो. माझ्या इंजिनाचे दुखणे तेच होते की दुसरे, हा वाद इथे नको. मी ६० नॉट (ताशी साधारण ११० किलोमीटर) वेग धरला आणि खाली पाहिले. डावीकडे एक गायरान होते, विटलेल्या रंगाचे, मध्ये मध्ये गवताचे पुंजके, कडेला दोन-चार बाभळी. उजवीकडे एक काळेभोर, सपाट, कुळवाची पाळी घातलेले रान होते, एखाद्या नव्याने सारवलेल्या अंगणासारखे. त्यात एक दगड नाही, एक झुडूप नाही, लांबी भरपूर. मी उजवीकडे वळलो. तसे पाहिले तर अवतरण उत्तम झाले. मागची चाके हलकेच टेकली, मी पुढचे चाक शक्य तितका वेळ वर धरून ठेवले, आणि ते टेकताक्षणी जमिनीने गिळले. पुढच्या चाकाचा दांडा मोडला, नाक रुतले, शेपूट वर गेली आणि आम्ही दोघे पट्ट्यांना लटकून उलटे झालो. तेल आणि ओल्या मातीचा एकत्र वास अजून आठवतो. विद्यार्थ्याचे मनगट मोडले, माझ्या कपाळाला टाके पडले. विमान भंगारात गेले.

शेताचे मालक पहिल्यांदा पोहोचले. आम्हाला बाहेर काढून, बांधावर बसवून, पाणी पाजून झाल्यावर ते त्या विमानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘साहेब, वाफसा नाही अजून. आठ दिवस झाले, आम्ही बैल घातले नाहीत ह्या रानात, आन् तुम्ही इमान घातलंत.’’

माझे वडील शेतकरी होते. वाफसा म्हणजे काय हे मला विमान म्हणजे काय हे कळण्याच्या आधी ठाऊक होते. पाऊस उघडल्यावर जमिनीतले जादा पाणी निचरून जाऊन ती ना चिखल ना ढेकूळ अशा अवस्थेत येते, बैलाचा खूर आणि कुळवाची फास दोन्ही सुखाने चालतात, ती वेळ. काळ्या भारी जमिनीला वाफसा यायला अनेक दिवस लागतात. मुरमाड जमिनीला तो दुसऱ्या दिवशीही येतो. वरून काळी जमीन गुळगुळीत दिसते आणि मुरमाड जमीन खरबरीत, त्यामुळे डोळा नेमका उलटा निर्णय देतो. मी अठराव्या वर्षी शेत सोडले आणि कॉकपिटमध्ये बसलो तेव्हा हे ज्ञानही बांधावरच ठेवून आलो, कारण कॉकपिटमध्ये त्याची चौकशी कोणी केली नाही. डावीकडच्या गायरानावर उतरलो असतो तर कदाचित पंख बाभळीला घासला असता. उलटे मात्र झालो नसतो.

चौकशी झाली. तिच्यात इंजिन सुटे करून पाहिले गेले, माझे तास, माझा वैद्यकीय दाखला, इंधनाचा नमुना, वाऱ्याची दिशा, सगळे नीट तपासले गेले, आणि ते योग्यच होते. जमिनीबद्दल एकच वाक्य होते : वैमानिकाने उतरण्यासाठी अयोग्य जमीन निवडली. ती का अयोग्य होती, त्या दिवशी अयोग्य होती की बाराही महिने, दोनशे मीटरवरची दुसरी जमीन योग्य होती का, यातले काही नाही. जो पुढचा प्रशिक्षक तो अहवाल वाचेल त्याने त्यातून काय उचलावे? आपण माझ्यापेक्षा शहाणे आहोत, एवढेच.

हा माझ्या एका अहवालाचा दोष असता तर हे पत्र लिहिले नसते. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या अंतिम अहवालाचा जो आराखडा दिलेला आहे आणि जो आपला ब्यूरोही पाळतो, त्यात हवामानाला स्वतंत्र मथळा आहे, विमानतळाच्या माहितीला आहे, दिशादर्शक साधनांना आहे, अवशेष आणि आघाताच्या खुणांना आहे, प्रवासी कसे वाचले याला आहे. विमान ज्या शेतात थांबले त्या शेताला मथळा नाही. विमानतळावरच अपघात झाला तर धावपट्टीची लांबी, रुंदी, डांबर की काँक्रीट, ओली की कोरडी, हे सारे ‘विमानतळाची माहिती’ या मथळ्याखाली येते. तेच विमान धावपट्टीच्या दोन किलोमीटर अलीकडे उसात उतरले की तो मथळा ‘लागू नाही’ होतो. आराखडा आंतरराष्ट्रीय आहे आणि तो आपल्याला बदलता येणार नाही, हे मान्य. परंतु आघाताच्या खुणांच्या मथळ्याखाली जमिनीचे वर्णन करायला कोणी मनाई केलेली नाही. माती कोणती, पीक कोणते आणि किती उंच, शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी, सऱ्या विमानाच्या दिशेला समांतर की आडव्या, बांध किती उंच, चाकाची चाकोरी किती लांब आणि किती खोल : तपास अधिकारी टेप घेऊन अर्धा तास शेतात फिरला आणि शेतमालकाशी दहा मिनिटे बोलला तर हे सारे मिळते. उशीर केला तर मिळत नाही, कारण विमान हलवल्यावर शेतकरी ते रान नांगरतो. त्याला पुढची पेरणी करायची असते.

महाराष्ट्र आणि त्याच्या सीमेलगतच्या भागापुरते बोलायचे तर अशा शेतांची यादी आता लहान राहिलेली नाही. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात एक सेसना १५२ कोसळले. आत एकटी असलेली बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक किरकोळ जखमांवर बचावली. ३० मे २०२३ रोजी बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ होन्निहाळच्या शेतात एका शिकाऊ विमानाला उतरावे लागले. त्याच वर्षी १९ आणि २२ ऑक्टोबरला, म्हणजे चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने बारामतीजवळ कटफळ आणि गोजुबावीच्या परिसरात पडली. सगळ्यांत सुदैवाने जीव वाचले. १६ जुलै २०२१ रोजी सातपुड्यात, चोपडा तालुक्यातील वर्डीच्या डोंगराळ भागात मात्र प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, आणि जखमी विद्यार्थिनीला आदिवासी ग्रामस्थांनी झोळी करून डोंगरातून खाली आणले. या प्रत्येक अपघाताचे कारण निराळे असेल, ते ठरवणे माझे काम नाही. मला एवढेच दिसते की कडबनवाडी हा गवताळ माळांसाठी आणि चिंकारांसाठी ओळखला जाणारा कोरडवाहू भाग, होन्निहाळला मे महिन्याचे तापलेले रान, बारामतीला परतीच्या पावसानंतरचा ऑक्टोबर, आणि वर्डीला उताराचे जंगल. चार ठिकाणची जमीन चार जातींची, आणि आपल्या नोंदीत चारही ठिकाणी ती फक्त ‘शेत’ किंवा ‘डोंगराळ भाग’.

जमिनीला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील, म्हणून थोडा हिशेब मांडतो. लहान विमानांची आसने आणि पट्टे जुन्या मानकांप्रमाणे पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट झटका सोसतील अशी बांधलेली असतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने टेकलेले विमान एकसारखे थांबत गेले, तर या मर्यादेत थांबायला त्याला तीन मीटरपेक्षाही थोडी कमी जागा पुरते. ताशी १६० असेल तर अकरा मीटरच्या वर लागते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ८० च्या वेगात माणूस वाचायला हजार मीटरची धावपट्टी लागत नाही; तीन मीटर लागतात, पण ते तीन मीटर सलग मिळाले पाहिजेत. कापणी झालेली ज्वारी, गुडघाभर हरभरा, विरळ झुडपे ही ते तीन मीटर देतात, वीस-तीसही देतात. दगडी बांध अर्धाच मीटर देतो. विहिरीचे कठडे तेवढेही देत नाहीत. वाऱ्याचेही तसेच : ४५ नॉटला टेकणारे विमान दहा नॉटच्या वाऱ्याच्या तोंडावर उतरले तर जमिनीला ३५ नॉटने लागते, पाठीवर वारा घेऊन उतरले तर ५५ ने, आणि दोन्हींतल्या ऊर्जेत जवळजवळ अडीचपटीचा फरक पडतो. वाऱ्याचा हा भाग आपण शिकवतो, घोटून घेतो, परीक्षेत विचारतो. बांधाचा भाग शिकवत नाही.

आता थोडे पिकांविषयी, कारण माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. नकाशात जमीन बदलत नाही; प्रत्यक्षात ती दर दोन महिन्यांनी निराळी असते. बारामती-इंदापूर पट्ट्यात लागण करून तीन महिने झालेला ऊस वरून हिरवळीसारखा दिसतो आणि खाली खोल सरी-वरंबा असतो. सरीला समांतर उतरले तर निभावते, आडवे उतरले तर पहिल्या वरंब्याला पुढचे चाक जाते. तोच ऊस बारा महिन्यांचा झाला की दहा-बारा फूट उंच उभा असतो. त्याच्या शेंड्यालाच जमीन मानून, तिथे वेग संपेल अशा बेताने विमान टेकवावे लागते, नाहीतर ते वरून आदळते. द्राक्षबाग ही तर शुद्ध फसवणूक आहे : वरून मऊ हिरवी सतरंजी, आणि खाली लोखंडी अँगल व ताणलेल्या तारा. उजनीच्या फुगवट्याला लागून, पाणी ओसरेल तशी उघडी पडत जाणारी गाळपेराची जमीन भेगाळून पांढरी पडते आणि उन्हाळ्यात एवढी वाळलेली, एवढी सपाट, एवढी मोकळी दिसते की नवख्याला मोह व्हावा. पाण्याच्या बाजूला त्या पापुद्र्याखाली गाळ ओलाच असतो. धुळे-शिरपूरकडे कापूस वेचून झाला तरी पऱ्हाट्या उभ्या असतात आणि त्यांची वाळलेली खोडे काठीसारखी कडक. गोंदियाला धानाच्या बांध्या आहेत. विमानाला पन्नास मीटर सरळ धावायचे तर वाटेत किती धुरे (बांध) लागतील हे तिथला शाळकरी मुलगाही सांगेल, आणि धान कापल्यावर ते धुरे सुकून दगड होतात. जळगावची केळी, सोलापूरकडची डाळिंबे, प्रत्येकाचे असेच काही ना काही आहे. तुरीबद्दल मी चांगले ऐकले आहे, अनुभव नाही.

नवे धोके निराळेच. शेततळे हा माझ्या तरुणपणी नसलेला प्रकार आता गावोगाव आहे, उंच भराव घातलेला आणि प्लॅस्टिकचे अस्तर लावलेला. भराव विमानाला अडवतो, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला त्या निसरड्या अस्तरावरून वर चढता येत नाही. गायराने, म्हणजे जी मुरमाड, कठीण, उतरायला बरी अशी सार्वजनिक जागा, ती सौर पॅनेलांखाली जात आहेत. त्याला माझा विरोध नाही, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी, पण गेल्या वर्षी प्रशिक्षकाने दाखवलेली मोकळी जागा यंदा काचेची झालेली आहे हे विद्यार्थ्याला विमान बंद पडल्यावर कळू नये. आणि तारा. तार हवेतून दिसत नाही, खांब दिसतो, तोही उशिरा. म्हणून दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असे धरून चालावे लागते. त्याहून उपयोगी खूण मला एका वायरमनने सांगितली : विहीर दिसली की तिच्यावर मोटार आहे, मोटार आहे म्हणजे तिला वीज आहे, आणि वीज कोणत्या तरी बांधावरून आलेली आहे. मी पुढे प्रत्येक विद्यार्थ्याला हे सांगत आलो. तारेचा धाक काय असतो हे सांगायला दूर जायला नको. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाचे एक शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावर ताणलेल्या तारेला धडकून दोघांचा जीव गेला होता. ते फोर्स्ड लँडिंग, म्हणजे नाइलाजाने केलेले अवतरण, नव्हते, पण तार तीच.

आपण शिकवतो कसे, तेही प्रांजळपणे सांगायला हवे. सरावासाठी प्रशिक्षक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो, ‘इंजिन गेले’ म्हणतो. विद्यार्थी वेग साधतो, शेत निवडतो, तपासणी यादी म्हणतो, वळणे घेत खाली येतो, आणि जमिनीपासून साधारण पाचशे फुटांवर आम्ही पुन्हा इंजिन देऊन वर जातो. द्यायलाच हवे, सरावात कोणाचे नाक रुतवायचे नाही. परंतु पाचशे फुटांवरून सरी दिसते न दिसते, ढेकूळ दिसत नाही, ओल कळत नाही, तारेचा तर प्रश्नच नाही. शेत बरोबर निवडले की चूक, हे ज्या उंचीवर उघड होते त्याच्या आधीच सराव संपतो, आणि प्रशिक्षक ‘छान’ म्हणतो. व्यावसायिक परवान्याच्या दोनशे तासांत विद्यार्थी हा सराव अनेकदा करतो आणि एकदाही त्याच्या पायाला त्या शेताची माती लागत नाही. मी स्वतः शेकडो वेळा ‘छान’ म्हटले आहे. त्यातली किती शेते खरोखर छान होती, ते देवाला ठाऊक.

यावर उपाय म्हणून माझी पहिली विनंती अशी की सरावात निवडलेले एखादे शेत त्याच संध्याकाळी किंवा त्या आठवड्यात जीपने जाऊन प्रत्यक्ष पाहण्याचा नियम अभ्यासक्रमात घालावा. पावसाळ्यात एकदा, रब्बी उभी असताना एकदा, आणि उन्हाळ्यात एकदा, एवढे पुरे. मी निवृत्तीआधीच्या दोन वर्षांत हे स्वखुशीने केले. नोव्हेंबरातल्या एका फेरीत पाच विद्यार्थ्यांनी वरून निवडलेले ‘मोकळे मैदान’ हे नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचे ढेकळांचे रान निघाले. एकेक ढेकूळ नारळाएवढे. एका मुलीने त्यातले एक उचलले, पुढच्या चाकाच्या आकाराशी मनातल्या मनात ताडून पाहिले असावे, आणि काही न बोलता खाली ठेवले. ती नाशिकच्या शहरात वाढलेली, शेताशी संबंध आला तो सहलीपुरता. त्यानंतर ती हवेतून जमिनीचा रंग विचारू लागली : ‘‘सर, ते तपकिरी आहे ते नांगरलेलं की कापलेलं?’’ माझ्या मते ज्या दिवशी विद्यार्थी हा प्रश्न विचारतो त्या दिवशी त्याचे फोर्स्ड लँडिंगचे शिक्षण सुरू होते.

दुसरी विनंती प्रत्येक प्रशिक्षण तळाभोवतीच्या जमिनीचा ऋतुवार नकाशा ठेवण्याची. बारामती, धुळे, शिरपूर, जळगाव, गोंदिया, नागपूर, सगळीकडे विमाने रोज त्याच त्या सराव क्षेत्रात आणि त्याच वर्तुळात उडतात. उड्डाणानंतर इंजिन गेले तर समोर कोणती चार-पाच शेते येतात हे ठरलेले असते. त्या शेतांत या महिन्यात काय उभे आहे हे संस्थेच्या फळ्यावर लिहिलेले असावे. कृषी सहायक आणि तलाठी यांच्याकडे पिकांची माहिती असतेच, सातबारावर पीकपेरा नोंदला जातो, आणि हे काही नसले तरी तळाच्या सुरक्षारक्षकाला आणि कँटीन चालवणाऱ्याला आसपासच्या प्रत्येक रानाची कुंडली ठाऊक असते. महासंचालनालय आता प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करते; त्या गुणांकनात हा फळा असावा आणि तो अद्ययावत नसेल तर गुण कापले जावेत, असे मला वाटते. कागदोपत्री नकाशा एकदा करून कपाटात ठेवणार असाल तर मात्र तो न केलेला बरा, कारण जूनच्या नकाशावर ऑक्टोबरात विसंबणे हे काहीच नसण्यापेक्षा घातक.

काही सहकारी म्हणतात की इंजिने बंद पडूच नयेत याकडे लक्ष द्या, शेते कसली मोजता. देखभालीचा आग्रह मलाही आहे, आणि त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण एकच इंजिन असलेले विमान उडते तोवर ते बंद पडण्याची शक्यता उरतेच, आणि सेसना १५२ सारख्या विमानाला हजार फुटांवरून जमिनीपर्यंत पोहोचायला साधारण दीड मिनिट लागते. त्या दीड मिनिटात नवे काही शिकता येत नाही. आधी शिकलेले असेल तेवढेच हाताशी येते.

याला लागूनच एक नाजूक गोष्ट आहे. शिकाऊ वैमानिकाला, त्यातही एकट्याने उडणाऱ्याला, इंजिन गेल्यावर जिवाइतकीच विमानाची काळजी असते : मालक काय म्हणेल, चौकशी किती महिने चालेल, परवाना लांबेल का, बापाने काढलेल्या कर्जाचे काय होईल. म्हणून तो जवळचे साधे शेत सोडून लांबच्या धावपट्टीपर्यंत विमान ताणू पाहतो, वेग कमी होत जातो, आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, नाकावर पडते. शेतात ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने नियंत्रणात टेकलेल्या आणि पंख-चाके मोडलेल्या विमानातून माणसे चालत बाहेर येतात. दोनशे फुटांवरून स्टॉल होऊन पडलेल्या विमानातून सहसा येत नाहीत. आपल्या अहवालातले ‘अयोग्य जमीन निवडली’ हे वाक्य पुढच्या मुलाच्या कानात नेमके काय सांगते, याचा विचार व्हावा. ते सांगते की शेत निवडणे हाच गुन्हा. ज्याने उपलब्ध जमिनींतली सर्वांत कमी वाईट जमीन निवडली आणि विमान मोडून माणसे वाचवली, त्याच्या अहवालात तसे स्पष्ट लिहिले गेले, तर दहा परिपत्रकांपेक्षा अधिक काम होईल.

आपल्या विमान वाहतुकीच्या सुरुवातीला ही जाण होती, हे आठवले की गंमत वाटते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले ते जुहूच्या सपाट चिखलाच्या मैदानात. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई, म्हणून त्या मोसमात विमाने पुण्याला, येरवड्याच्या एका लहानशा मैदानावर हलवली जात. जमीन ऋतूप्रमाणे बदलते आणि वैमानिकाने तिच्याप्रमाणे बदलायचे, हे त्या काळी कोणाला शिकवावे लागत नव्हते, कारण सगळीच विमाने मातीवर उतरत होती. डांबर आले, आणि मातीशी आमचा संबंध फक्त अपघाताच्या दिवशी येऊ लागला.

एक शेवटची मागणी शेतकऱ्यांसाठी. विमान पडल्यावर त्याच्या रानात तेल सांडते, बघ्यांची गर्दी उभे पीक तुडवते, पोलिसांचा पहारा बसतो, तपास होईपर्यंत कामे खोळंबतात, आणि मग क्रेन येऊन उरलेसुरले चाकांखाली घालते. नुकसानभरपाईसाठी त्याने कोणाच्या दारात जायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. माझ्या अपघातात त्या गृहस्थांचे अर्धा एकर रान त्या हंगामात पडीक राहिले. संस्थेने दिलेली रक्कम सांगायला मला लाज वाटते. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने आपल्या सराव क्षेत्रातील ग्रामपंचायतींना एक साधे पत्र द्यावे, ज्यात अपघात झाल्यास संपर्काचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव, आणि विमानाजवळ काय करावे व काय करू नये (पेट्रोल सांडलेले असते, बिडी नको, एवढे तरी) हे मराठीत लिहिलेले असेल. तोच कागद घेऊन गावात गेलात की ऋतुवार नकाशाची माहितीही चहा पिता पिता मिळेल.

त्या शेताच्या मालकांशी माझे येणे-जाणे अजून आहे. या पत्राबद्दल त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी आपणहून सुचवले की अधिकारी आणि प्रशिक्षक येणार असतील तर त्यांनी सप्टेंबरात यावे, रान पाळी घालून तयार असेल, आणि शेजारचे गायरानही अजून मोकळे आहे, दोन्ही जमिनी एकाच दिवशी पायाखाली घालता येतील. नक्की तारीख आज देता येत नाही. पाऊस उघडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मला फोन करणार आहेत, आणि मी तो दिवस आपल्या कार्यालयाला कळवीन. चामड्याचे बूट घालून येऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उड्डाण प्रशिक्षक